राजा हीरशहा

चंद्रपूर नगराच्या कडेने इरई आणि झरपट या दोन नद्या वाहतात. नगरापासून उत्तरेस निघालेली एक वाट दाट अरण्यातून मोहर्ली गावाकडे जाते. साग, बांबू, मोह, तेंदू, ऐन आणि धावडा यांची ही राई पुढे ताडोबाच्या तलावापर्यंत पसरलेली आहे. येथून पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात उतरू लागले म्हणजे देखावा हळूहळू पालटतो. प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी पाणी चकाकू लागते. गावोगावी तलाव दिसतात, तलावाखाली धानाच्या बांध्या दिसतात आणि बांध्यांच्या कडेला कौलारू घरांची वस्ती दिसते. ज्या भूमीवर एके काळी वाघ आणि रानगवे यांचेच राज्य होते, तेथे ही गावे कशी वसली, ही माणसे कोठून आली आणि एवढे तलाव कोणी खोदले, हे प्रश्न कोणाच्याही मनात सहज उभे राहतील. त्यांचे उत्तर शोधू लागले की चांद्याच्या गोंड राजवंशातील एका थोर राजाचे नाव पुढे येते. ते नाव म्हणजे राजा हीरशहा.

गोंड राजांच्या दरबारी नित्याचा वृत्तांत लिहून ठेवण्याची चाल फारशी नव्हती. त्यांच्या हकीकती मुखोमुखी चालत आल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात, १८६९ च्या सुमारास, चांदा जिल्ह्याची जमाबंदी करणाऱ्या लूसी स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या कागदावर उतरविल्या. त्यामुळे हीरशहाच्या जन्माचा किंवा मृत्यूचा दिवस कोठे नोंदलेला आढळत नाही. वंशावळीवरून त्याचा काळ पंधराव्या शतकाची अखेर आणि सोळाव्या शतकाचा आरंभ असा धरतात. त्याचा चेहरा कसा होता हे कोणास ठाऊक नाही. परंतु त्याने काय केले हे मात्र लोक विसरले नाहीत.

हीरशहाचा पिता खांडक्या बल्लाळशहा हा होता. या घराण्याची राजधानी पूर्वी वर्धेच्या दक्षिणेस शिरपूर येथे होती. बल्लाळशहाच्या अंगावर गळवे उठली होती आणि कोणत्याही औषधाने ती बरी होत नव्हती. तेव्हा राणीच्या सल्ल्याने त्याने शिरपूर सोडले व वर्धेच्या उत्तर तीरावर नवा किल्ला बांधला. तेच आजचे बल्लारपूर होय. एके दिवशी शिकारीस गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातील पाण्याने त्याने हातपाय धुतले आणि त्याची व्याधी नाहीशी झाली, अशी कथा आहे. त्या स्थानी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. त्याच परिसरात राजाला आणखी एक नवल दिसले. एक ससा पळण्याऐवजी शिकारी कुत्र्याच्याच मागे लागला होता. ही भूमी शूरांची आहे असे मानून, सशाने जेथून धाव घेतली त्या मार्गावरून नव्या नगराचा कोट घालावा, असे राणीने सुचविले. कोटाची आखणी झाली, पाया भरला गेला. परंतु काम पुरे होण्यापूर्वीच बल्लाळशहाचा अंत झाला. अपुरा कोट आणि अफाट अरण्य एवढा वारसा हीरशहाच्या वाट्याला आला.

गादीवर बसताच हीरशहाने आपल्या राज्याकडे डोळे उघडून पाहिले. राज्य विस्ताराने मोठे होते, पण त्यात माणसे थोडी होती. डोंगरांच्या कुशीत गोंडांच्या लहान लहान वस्त्या विखुरलेल्या होत्या. वनातील ही माणसे मोहाची फुले वेचीत, चारोळी आणि कंदमुळे गोळा करीत, शिकार करीत. जंगलाचा एखादा तुकडा तोडून जाळावा, त्या राखेत बी पेरावे, दोनचार वर्षे पीक घ्यावे आणि जमिनीचा कस उतरला की दुसरीकडे जावे, अशी अनेकांच्या शेतीची रीत होती. ही रीत वनाला साजेशी होती. थोड्या माणसांचे तीत सुखाने भागत असे. परंतु पाऊस रुसला तर कोठारात दाणा नसे. आणि ज्या राज्याच्या कोठारात दाणा नाही, त्याला ना कोट बांधता येतो, ना शत्रूला थोपविता येते. हीरशहाच्या मनात विचार आला की, राज्य टिकवावयाचे तर माणसे एका जागी स्थिरावली पाहिजेत आणि नवी माणसेही येऊन वसली पाहिजेत.

पण माणसे येणार कशी? गाव सोडणे कोणालाच सोपे नसते. बैलगाडीत चार भांडी, बियाण्याची एक गठडी आणि लहान मुले घालून अनोळखी रानात शिरावयाचे. तेथे ना घर, ना विहीर, ना सोयरा. रात्री वाघाची डरकाळी, पावसाळ्यात हिवतापाची थंडी. एवढे सोसून जमीन तयार करावी आणि मग एखाद्या बलवंताने येऊन ती हिरावून घ्यावी, हे भय तर सर्वांत मोठे. वाघाशी झुंजता येते, तापातून उठता येते. परंतु आपल्या घामाचे फळ आपल्यालाच मिळेल याची खात्री नसेल, तर कोणताही शहाणा मनुष्य कुऱ्हाड उचलणार नाही. हीरशहाने नेमके हेच जाणले. त्याने माणसांना बळाने आणले नाही. त्याने त्यांचे भय दूर केले.

त्याने राज्यात जाहीर केले की, जो कोणी जंगल तोडून जमीन लागवडीस आणील, ती जमीन त्याची होईल. जो गाव वसवील, त्याला त्या गावाचे प्रमुखपण मिळेल. आणि जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी इनाम दिली जाईल. या हक्कांसाठी राजमुद्रेच्या सनदा दिल्या जात. या आज्ञेतील चातुर्य ध्यानात घेण्यासारखे आहे. राजाच्या खजिन्यातून एक कवडीही खर्च होत नव्हती. जमीन पडीक होती. ती देण्यात राज्याचे काही उणे होत नव्हते. उलट तलाव जितका मोठा, तितके बांधणाऱ्याचे इनाम मोठे. म्हणून जो तो आपला तलाव अधिक मोठा व अधिक मजबूत व्हावा यासाठी झटू लागला. एकाचे हित आणि सर्वांचे हित यांची गाठ राजाने अशी एकाच दोरीने बांधली.

मग अरण्यात कुऱ्हाडींचा आवाज घुमू लागला. अशा प्रदेशात गाव कसे वसते हे समजून घेण्यासारखे आहे. प्रथम जाणती माणसे पावसाळ्यात रान हिंडून पाणी कोठून येते व कोठे साचते हे पाहून ठेवीत. पाऊस सरल्यावर जागा ठरे. झाडे तोडली जात. पण मोहाचे झाड मात्र राखले जाई, कारण पीक बुडाले तर तेच लेकरांच्या तोंडी घास घालणार होते. बांबूच्या तट्ट्यांना मातीचा लेप देऊन भिंती होत आणि गवताने छप्पर शाकारले जाई. पहिल्या वर्षी हाती येई ते थोडेच असे. रात्री माळ्यावर बसून रानडुकरे आणि हरणे हाकावी लागत. कोणाचा बैल वाघ नेई, कोणाचे मूल तापाने दगावे. काही कुटुंबे धीर सोडून परतही जात असतील. जी टिकत, त्यांच्या अंगणात तिसऱ्याचौथ्या वर्षी धानाची रास पडे आणि मग मागे राहिलेल्या नातलगांकडे निरोप जाई. अशा रीतीने एका घराची चार घरे आणि चार घरांचे गाव होई.

या सर्व उद्योगात तलावाचे स्थान पहिले होते. या भागात पाऊस कमी पडत नाही. पण तो सारा चार महिन्यांत पडून जातो. धानाचे पीक तर पाण्यात उभे राहणारे. रोवणी उरकली, पीक तरारले, लोंबी बाहेर पडू लागली आणि नेमका हस्त नक्षत्राचा पाऊस चुकला, तर वर्षाची मेहनत आठ दिवसांत वाळून जाते. म्हणून दोन टेकड्यांमधील ओढा पाहून त्याच्या आडवी मातीची भक्कम पार घालीत. हजारो टोपल्या माती डोक्यावरून वाहून आणावी, ती थरांवर थर घालून चोपावी, पाण्याच्या बाजूने दगड बसवावेत, जास्तीचे पाणी सुखरूप निघून जावे म्हणून एका अंगास सांडवा ठेवावा आणि शेतात पाणी सोडण्यासाठी पारेतून वाट काढावी, असे हे काम असे. वरच्या तलावातून सांडलेले पाणी खालच्या तलावात जाई. लहान शेतकरी आपल्या बांध्यांच्या वर छोटी बोडी खोदून घेई. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तळातील सुपीक गाळ शेतांत नेऊन टाकीत. गुरांना पाणी मिळे, ढिवरांना मासळी मिळे आणि आसपासच्या विहिरी भरलेल्या राहत. एक तलाव म्हणजे एका गावाचे जीवितच होते.

तलाव बांधण्याच्या विद्येत कोहळी समाजाची मोठी ख्याती आहे. आज हा समाज चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत राहतो. आपले पूर्वज दूर उत्तरेतील काशीकडून आले, असे कोहळी लोक परंपरेने सांगतात. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता त्यांचे जलकौशल्य पाहून प्रसन्न झाला आणि त्यांना आपल्या राज्यात घेऊन आला, अशी ही आख्यायिका आहे. तो राजा कोणता हे ती सांगत नाही. परंतु परक्या मुलखातील गुणी माणसांना जमीन देऊन वसविण्याची जी वाट हीरशहाने आखली, त्याच वाटेवरून हे लोक आले असे म्हणण्यास हरकत नाही. त्यांनी जमिनीचा उतार पाहून पाण्याचा अंदाज बांधण्याची दृष्टी आणली. ते धानाबरोबर ऊस पिकवू लागले आणि गुऱ्हाळांचा गोड वास रानात दरवळू लागला. वऱ्हाडाकडून कुणबी आले. गोदावरी आणि प्राणहिता यांच्या बाजूने तेलुगू बोलणारी कुटुंबे आली. गोंडी, मराठी आणि तेलुगू या भाषा एकाच बाजारात ऐकू येऊ लागल्या. नवे आलेले लोक हळूहळू येथलेच झाले.

मात्र नव्या माणसांनी जुन्या रहिवाशांना विसरून चालत नसे. वनाची खरी ओळख गोंडांनाच होती. कोणत्या झाडाच्या सालीने ताप उतरतो, कोणत्या महिन्यात कोणती वाट बंद होते, हे त्यांनाच ठाऊक असे. ताडोबाच्या तलावाकाठी तारू नावाच्या गावप्रमुखाचे स्थान आहे. तो वाघाशी झुंजताना मरण पावला आणि देव झाला, अशी आदिवासींची श्रद्धा आहे. त्याच्या नावावरूनच ताडोबा हे नाव पडले असे सांगतात. अशा देवस्थानांपुढे नवे व जुने दोघेही हात जोडीत. तरीही जेथे नांगर चालला तेथून वन मागे हटले आणि वनावर जगणाऱ्यांना आणखी आत सरकावे लागले, हेही तितकेच खरे आहे. नव्या वस्तीची ही दुसरी बाजू विसरून इतिहास पुरा होत नाही.

लोकांची घरे उभी राहत असताना हीरशहाने पित्याचे अपुरे कार्यही हाती घेतले. चंद्रपूरचे वैभव त्याने वाढविले, नगरात बालेकिल्ला उभारला आणि वेशी बांधवून घेतल्या. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार वेशी आणि पाच खिडक्या म्हणजे लहान दरवाजे अशी या कोटाची रचना आहे. वेशींवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे चिन्ह कोरलेले आहे. ते या राजवंशाचे चिन्ह होय. आकाराने मोठ्या असलेल्या शत्रूलाही पराक्रमी वीर नमवू शकतो, असा त्याचा अर्थ लावतात. हीरशहाने कोणत्याही परक्या राजाला खंडणी दिली नाही, असेही सांगतात. जमिनीवर त्याने कर बसविला. पण जमीन पिकू लागल्यानंतर बसविला. रयतेच्या घरी दाणा आला, तेव्हाच राजाच्या कोठारात आला. हीरशहानंतर त्याचे दोन पुत्र भूमा आणि लोकबा यांनी मिळून राज्य चालविले, अशी परंपरा आहे.

हीरशहाने लावलेले रोप पुढे वाढत गेले. त्याच्याच वंशातील बाबाजी बल्लाळशहा हा अकबर बादशहाच्या काळी होऊन गेला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात या गोंड राजाचा उल्लेख आहे. त्याच्यापाशी एक हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ होते, असे तेथे नोंदले आहे. वैरागड येथील हिऱ्यांच्या खाणीची कीर्तीही तेव्हा दूरवर पसरली होती. परंतु एवढ्या पायदळाला पोसणारे खरे धन खाणीत नव्हते. ते तलावाखालच्या बांध्यांत होते. अठराव्या शतकाच्या आरंभी, आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या नवेगाव येथे, कोलू पाटील कोहळी या कर्तबगार पुरुषाने डोंगरांच्या मधील जागा अडवून विशाल जलाशय निर्माण केला. तोच नवेगाव बांध होय. मृत्यूनंतर लोकांनी कोलू पाटलाला कोलासूर या नावाने देवत्व दिले आणि तलावाकाठच्या डोंगरावर त्याचे स्थान केले. ज्याने पाणी दिले त्याला देव मानावे, हा या भूमीचा धर्मच झाला.

काळाच्या ओघात राजसत्ता पालटली. १७५१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले आणि शेवटचा गोंड राजा नीलकंठशहा याची सत्ता संपली. पुढे मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. गावांच्या प्रमुखांना मालगुजार म्हणू लागले व तलावांची मालकी त्यांच्याकडे राहिली. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या कायद्याने, मालगुजारीची पद्धत बंद झाली आणि हे तलाव सरकारकडे आले. पूर्व विदर्भातील अशा हजारो तलावांना आता माजी मालगुजारी तलाव किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. काही तलाव गाळाने भरले, काहींच्या पारा खचल्या. तरी कित्येक तलाव आजही धान पिकवितात आणि हिवाळ्यात दूर देशांहून आलेल्या पाखरांना आसरा देतात.

वनाचीही कथा पुढे सरकली. ताडोबाचे अरण्य १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. मोहर्ली हे त्या प्रकल्पाचे एक प्रसिद्ध प्रवेशद्वार होय. पूर्वी वन तोडून गावे वसविली गेली; आता वाघांना निर्वेध राहता यावे म्हणून गाभ्यातील काही गावे बाहेर नेऊन वसविण्यात आली. ज्यांना उठून जावे लागले त्या कुटुंबांपुढेही तेच जुने प्रश्न उभे राहिले: नवी जमीन कशी असेल, पाणी मिळेल काय, आणि जे मिळेल ते आपलेच राहील काय? हीरशहाच्या काळी या प्रश्नांना जेवढे महत्त्व होते, तेवढेच ते आजही आहे.

लढाया जिंकणारे राजे इतिहासात पुष्कळ झाले. हीरशहाचे नाव त्याने तोडलेल्या जंगलासाठी किंवा बांधलेल्या वेशींसाठीही घेतले जाईल; पण त्याचे खरे मोठेपण निराळे आहे. घरदार सोडून आलेल्या माणसाला प्रथम काय हवे असते, हे त्याने ओळखले. त्याला दया नको असते. कष्टांना वाव आणि कष्टांच्या फळाची खात्री हवी असते. हीरशहाने ती दिली, आणि म्हणूनच नवखी माणसे या अरण्यात पाय रोवून राहिली. पावसाळ्याच्या अखेरीस वैनगंगेच्या खोऱ्यातील एखाद्या तलावाच्या पारेवर उभे राहावे. एका बाजूस काठोकाठ पाणी आणि दुसऱ्या बाजूस वाऱ्यावर डोलणारे धान दिसते. या राजाचे याहून चांगले स्मारक दुसरे नाही.